तुतारी, पिपाणी आणि लिफाफा : मत मनातून यंत्रापर्यंत कसे पोहोचते?

१/ ४ जून २०२४. सातारा लोकसभा मतदारसंघाचा निकाल जाहीर झाला. भारतीय जनता पक्षाचे उदयनराजे भोसले यांना ५,७१,१३४ मते मिळाली; राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाचे शशिकांत शिंदे यांना ५,३८,३६३. फरक ३२,७७१ मतांचा. तिसऱ्या क्रमांकावर एक अपक्ष उमेदवार होता. त्याला ३७,०६२ मते पडली होती. त्याचे चिन्ह होते पिपाणी.

२/ शिंदे यांचे चिन्ह होते ‘तुतारी वाजवणारा माणूस’. तिसऱ्या उमेदवाराची मते विजयाच्या फरकाहून अधिक भरली आणि जिल्ह्यात एकच प्रश्न विचारला जाऊ लागला. ही ३७ हजार मते खरोखर पिपाणीची होती, की वाट चुकलेली तुतारीची? या धाग्यात त्या प्रश्नाच्या निमित्ताने मतदानाच्या एका जुन्या आणि दुर्लक्षित तंत्राचा इतिहास आहे. ते तंत्र म्हणजे निवडणूक चिन्ह.

३/ प्रारंभ १९५१-५२ चा. १९५१ च्या जनगणनेनुसार देशातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते. ब्रिटिश अमदानीत मताधिकार मालमत्ता, कर आणि शिक्षण यांच्या अटींनी बांधलेला होता. प्रजासत्ताकाने या अटी मोडून काढल्या आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला मत दिले. मग ज्याला अक्षर वाचता येत नाही त्याने उमेदवार ओळखावा कसा, हा प्रश्न पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे उभा राहिला.

४/ उत्तर सापडले ते चित्रात. मतदान केंद्रावर प्रत्येक उमेदवारासाठी स्वतंत्र पेटी ठेवण्यात आली आणि तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवण्यात आले. लाखो पोलादी पेट्या विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या. मतपत्रिका नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापल्या गेल्या. त्यांवर उमेदवाराचे नाव नव्हते, खूणही करायची नव्हती. मतदाराने पडद्यामागे जायचे, आपले चित्र शोधायचे आणि कागद त्या पेटीत टाकायचा.

५/ त्या वेळी आजचे सातारा आणि सांगली जिल्हे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा या नावांनी ओळखले जात. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे विभाजन झाले होते. दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळाले. बैलजोडीचे चित्र लावलेली काँग्रेसची पेटी या कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला समजावून सांगावी लागत नव्हती. चित्र त्याच्या रोजच्या जगण्यातले होते आणि शेजारच्या पेटीवर दुसरी बैलजोडी नव्हती.

६/ १९५७ मध्येही हीच पद्धत चालू राहिली. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने तापलेल्या त्या निवडणुकीत प्रतिसरकारचे नेते क्रांतिसिंह नाना पाटील कम्युनिस्ट पक्षातर्फे साताऱ्यातून लोकसभेवर निवडून गेले. त्यांचे गाव आजच्या सांगली जिल्ह्यातील येडेमच्छिंद्र. त्यांच्या पक्षाचे चिन्ह होते कणीस आणि विळा. इथेही मतदाराला नाव वाचावे लागले नाही. माणूस ठाऊक होता आणि पेटीवरचे चित्रही.

७/ मात्र या पद्धतीत दोष होते. जितके उमेदवार तितक्या पेट्या. शिवाय मतपत्रिका कोरी असल्यामुळे एखाद्याने ती पेटीत न टाकता खिशातून बाहेर नेली आणि दुसऱ्याच्या हाती दिली, तर कोणाच्या लक्षात येणे कठीण. म्हणून १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीत जवळजवळ सर्वत्र शिक्क्याची पद्धत आली. एकच मतपत्रिका, तिच्यावर सर्वांची नावे आणि चिन्हे, आणि सर्वांसाठी एकच पेटी.

८/ शिक्क्याची आकृतीही विचारपूर्वक ठरली होती. बाणांच्या फुलीसारखी ही खूण डावी-उजवी सारखी नसते. मतपत्रिकेची घडी घातल्यावर ओली शाई समोरच्या रकान्यात उमटली, तरी ती उलट दिसते आणि मूळ शिक्का कोणता ते मोजणाऱ्याला कळते. मतदाराचा हेतू कागदावरून शक्य तितका वाचता यावा, ही काळजी त्या लहानशा आकृतीत होती. तरीही दोन रकान्यांच्या रेषेवर पडलेले शिक्के बाद होत. त्या बाद मतांचा एक उपयोग पुढे ध्यानात येतो.

९/ पक्ष फुटू लागले तेव्हा चिन्हाचे महत्त्व अधिकच स्पष्ट झाले. १९६८ मध्ये निवडणूक आयोगाने चिन्हे राखून ठेवण्याचा आणि वाटण्याचा आदेश काढला. पुढच्याच वर्षी काँग्रेस दुभंगली आणि बैलजोडी गोठवली गेली. साताऱ्याचे खासदार यशवंतराव चव्हाण १९६७ मध्ये बैलजोडीवर निवडून आले होते. १९७१ मध्ये त्याच साताऱ्यात त्यांचे चिन्ह गाय-वासरू झाले. उमेदवार तोच, मतदार तेच, चित्र नवे. मतदाराने ते आत्मसात केले.

१०/ त्यानंतर यंत्र आले. १९८२ मध्ये केरळमधील परूर येथे ५० केंद्रांवर ते प्रथम वापरले गेले. कायद्यात यंत्राची तरतूद नसल्याने १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मतदान रद्द ठरवले. १९८८ मध्ये कायदा बदलला आणि २००४ मध्ये लोकसभेच्या सर्व मतदारसंघांत यंत्रावर मतदान झाले. ठसा गेला, बटण आले. बटणाचे मत बाद होत नाही, हा त्याचा मोठा गुण सांगितला गेला, आणि तो खरा आहे.

११/ याच गुणाच्या पोटात एक अडचण दडलेली आहे. कागदावर मतदार गोंधळला तर गोंधळाची खूण मागे राहत असे : दोन शिक्के, रेषेवरचा शिक्का, कोरा कागद. बाद मतांची संख्या वाढली की रचनेत काही चुकले आहे, असा संशय घेता येई. यंत्रावर गोंधळलेले बोटही एक निर्दोष, वैध मत नोंदवते. चूक नाहीशी होत नाही. ती अदृश्य होते.

१२/ अमेरिकेतील फ्लोरिडाचे उदाहरण इथे बोलके आहे. २००० च्या अध्यक्षीय निवडणुकीत तेथे बुश यांचा विजय अवघ्या ५३७ मतांनी झाला. पाम बीच परगण्यात मतपत्रिकेच्या दोन्ही बाजूंना नावे आणि मधोमध छिद्रांची रांग होती. गोर यांना मत देऊ पाहणाऱ्या अनेकांनी पॅट ब्युकॅनन यांच्यासमोरचे छिद्र पाडले. सुमारे १९ हजार मतपत्रिका दोन छिद्रांमुळे बाद झाल्या. गोंधळाचा पुरावा हाताशी होता.

१३/ संशोधकांनी मग एक साधी युक्ती योजली. त्याच परगण्यात टपालाने मत देणाऱ्यांना ती फुलपाखरी मतपत्रिका मिळालेली नव्हती. दोन्ही प्रकारच्या मतदारांची तुलना केली, तेव्हा ब्युकॅनन यांचा वाटा केंद्रावरच फुगलेला दिसला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाचा निष्कर्ष असा की, गोर यांची दोन हजारांहून अधिक मते चुकून तिकडे गेली. छिद्र पाडण्याचे साधन ठीक चालले होते. दोष होता तो कागदाच्या मांडणीत.

१४/ आता पुन्हा साताऱ्याकडे. फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसचे नाव आणि घड्याळ अजित पवार यांच्या गटाकडे गेले. २२ फेब्रुवारीला शरद पवार यांच्या पक्षाला ‘तुतारी वाजवणारा माणूस’ मिळाला आणि दोन दिवसांनी रायगडावर त्याचे अनावरण झाले. मतदान ७ मे रोजी. म्हणजे नवे चित्र मनात रुजवायला जेमतेम अडीच महिने. आणि मुक्त चिन्हांच्या यादीत आणखी एक वाद्य आधीपासून होते.

१५/ ते वाद्य म्हणजे ट्रम्पेट. लोकांच्या तोंडी ती पिपाणी. पण मराठी यादीत तिचे नाव ‘तुतारी’ असे दिले गेले आणि पक्षाने त्यावर हरकत घेतली. तुतारी आणि पिपाणी यांतला फरक इथल्या माणसाला शिकवावा लागत नाही. एक पालखीपुढे आणि स्वागताला वाजते, दुसरी जत्रेत पोराच्या हाती असते. पण यंत्रावर आवाज नसतो. तिथे असते एक लहानसे काळे-पांढरे रेखाचित्र आणि मागे उभी असलेली रांग.

१६/ मग पिपाणीनेच साताऱ्याचा निकाल फिरवला का? गणित करून पाहावे. चुकलेली मते शिंदे यांच्या खात्यात जमा केली, तरी भोसले यांच्या मतांतून काही वजा होत नाही. म्हणजे निकाल उलटण्यासाठी ३७,०६२ पैकी किमान ३२,७७२ मते चुकून पडलेली असावी लागतील : सुमारे ८८ टक्के. पिपाणीच्या दर नऊ मतदारांपैकी जवळपास आठ जण चुकले असे मानावे लागेल. हे अशक्य नाही. पण ‘फरकापेक्षा मते जास्त’ एवढ्यावरून ते सिद्धही होत नाही.

१७/ दुसऱ्या बाजूलाही पुरावे आहेत. त्याच निवडणुकीत दिंडोरीत पिपाणी मिळालेल्या अपक्षाला एक लाखाहून अधिक मते पडली. तेथे तुतारीच्या उमेदवाराशी त्याचे आडनावही जुळत होते. तरीही तुतारीचाच उमेदवार जिंकला. गोंधळ झालाच नाही असे म्हणणे यामुळे अवघड होते. मात्र यंत्रावर २०१५ पासून उमेदवाराचे छायाचित्रही असते आणि मान्यताप्राप्त पक्षांचे उमेदवार अपक्षांच्या वर येतात, हेही विसरता येत नाही. गोंधळ झाला असावा. तो नेमका किती, हे गुप्त मतदानाने कायमचे झाकले आहे.

१८/ शेजारच्या सांगलीत त्याच दिवशी मतदान झाले आणि चित्र अगदी निराळे दिसले. पहिल्या तीन क्रमांकांवरचे तिन्ही उमेदवार पाटील : विशाल, संजयकाका आणि चंद्रहार. केवळ आडनावावर विसंबून कोणाला ओळखावे? विशाल पाटील हे वसंतदादा पाटील यांचे नातू. २०१९ मध्ये त्यांचे चिन्ह बॅट होते आणि ते पराभूत झाले होते. २०२४ मध्ये ते अपक्ष उभे राहिले आणि त्यांना मिळाला लिफाफा.

१९/ माघारीची मुदत २२ एप्रिलला संपली आणि ७ मे रोजी मतदान. लिफाफा घरोघर पोहोचवायला जेमतेम दोन आठवडे मिळाले. निकालात विशाल पाटील यांना ५,७१,६६६ मते पडली आणि ते १,००,०५३ मतांनी विजयी झाले. ‘आपला मतदार चिन्हात अडकतो, भोळा आहे’ हे म्हणणे सांगलीने खोडून काढले. नवे चिन्ह तो पंधरा दिवसांत शिकतो. पण लिफाफ्यासारखे दुसरे चित्र यंत्रावर असते तर? शिकणे ही एक गोष्ट आणि सारख्या दिसणाऱ्या दोन चित्रांतून नेमके निवडणे ही दुसरी.

२०/ यंत्रावरच्या वादात हा भेद बहुधा हरवतो. मताच्या प्रवासात दोन टप्पे आहेत. पहिला मनापासून बोटापर्यंतचा, दुसरा बोटापासून मोजणीपर्यंतचा. देशातली बहुतेक चर्चा दुसऱ्या टप्प्याभोवती फिरते. सात सेकंद दिसणारी व्हीव्हीपॅटची चिठ्ठी त्यासाठीच आहे. २६ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कागदी मतपत्रिकेकडे परतण्याची मागणी फेटाळली आणि निकालानंतर काही यंत्रे तपासून घेण्याची वाट ठेवली, तीही याच टप्प्यासाठी.

२१/ डिसेंबर २०२४ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील मारकडवाडीच्या ग्रामस्थांनी कागदी मतपत्रिकेवर स्वतःच पुन्हा मतदान घेण्याचे ठरवले आणि प्रशासनाने ते होऊ दिले नाही. तो वादही दुसऱ्याच टप्प्याचा. साताऱ्याचा प्रश्न त्याहून वेगळा आहे. तेथील प्रत्येक यंत्र बिनचूक चालले, प्रत्येक चिठ्ठी मोजणीशी जुळली असे धरले, तरी तो तसाच उरतो. चुकून दाबलेल्या पिपाणीची चिठ्ठी पिपाणीचीच निघणार.

२२/ काही सुधारणा झाल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये विधानसभा निवडणूक जाहीर करताना आयोगाने तुतारी वाजवणारा माणूस यंत्रावर अधिक ठळक दाखवण्याचे मान्य केले. दोन्ही चिन्हे भिन्न आहेत असे सांगून पिपाणी गोठवण्याची मागणी मात्र मान्य केली नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये यंत्रावर रंगीत आणि मोठा चेहरा दिसेल अशी छायाचित्रे लावण्याचा निर्णय झाला आणि त्याची सुरुवात बिहारपासून झाली.

२३/ एक पाऊल अजून बाकी आहे. चिन्हे वाटण्यापूर्वी ती मतदारांसमोर ठेवून पाहणे फारसे खर्चाचे नाही. साठी उलटलेल्या, चष्मा घरी विसरलेल्या शंभर माणसांना यंत्राच्या मापाची दोन चित्रे दाखवावीत आणि किती जण चुकतात ते मोजावे. मतदानापूर्वी हे करता येते. मतदानानंतर चूक वेगळी काढण्याचा मार्ग उरत नाही.

२४/ १९५२ मध्ये ज्याला अक्षर येत नव्हते त्या माणसासाठी या देशाने अक्षराऐवजी चित्र निवडले, कारण त्याचे मत इतर कोणाहीपेक्षा कमी मोलाचे नव्हते. चिन्हाचा जन्म या आदरातून झाला. साताऱ्यातील ३७,०६२ मतांमागे किती हेतू अचूक पोहोचले हे कधीच कळणार नाही. पुढच्या वेळी तसा प्रश्न उरू नये, एवढे पाहणे त्या आदराला धरून होईल.

(समाप्त)