इगतपुरीचे पाणी, नांदूरचे पाहुणे

कार्तिकी पौर्णिमेनंतर साधु-साध्वींचा विहार पुन्हा सुरू होतो. मुंबईहून नाशिककडे पायी निघालेले काही समुदाय कसाऱ्याचा घाट चढून इगतपुरीत विसावतात. नेमक्या याच सुमारास नाशिक जिल्ह्यात दुसरेही प्रवासी उतरू लागतात. ते लडाख, तिबेट, मंगोलिया आणि सायबेरियाकडून येतात. त्यांचा मुक्काम निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वरच्या जलाशयावर असतो. परंतु ज्या पाण्यावर ते उतरतात, त्या पाण्याचा मोठा हिस्सा इगतपुरीचा असतो.

इगतपुरीचा पाऊस सह्याद्रीच्या माथ्यावर दोन दिशांना वाटला जातो. पश्चिमेकडचे पाणी अरबी समुद्राला जाते, तर पूर्वेकडचे दारणा नदीतून गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागराची वाट धरते. कुलंगच्या डोंगररांगेत उगम पावणारी दारणा भावलीच्या धरणातून आणि पुढे 1916 साली पूर्ण झालेल्या दारणा धरणातून वाहत दारणासांगवीजवळ गोदावरीत विलीन होते. त्याच्या खाली, गोदावरी व कादवा यांच्या संगमापाशी, विसाव्या शतकाच्या आरंभी कालव्यांसाठी बंधारा घालण्यात आला. तोच नांदूर मध्यमेश्वरचा बंधारा.

नद्यांनी वाहून आणलेला गाळ या बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे साचत गेला. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात गाळ म्हणजे निव्वळ तोटा, कारण तेवढा पाणीसाठा घटतो. पक्ष्यांच्या खात्यात मात्र तोच गाळ जमेला लागला. इगतपुरीकडच्या खोल धरणांत बहुसंख्य बदकांना अन्न मिळणे कठीण असते. त्यांना शेपटी वर आणि मान पाण्यात करून तळ गाठता येईल एवढेच उथळ पाणी हवे असते. नांदूरला गाळाची बेटे झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि पक्ष्यांना घर मिळाले. ज्येष्ठ पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांनी या स्थळाला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटले. 1986 मध्ये येथे अभयारण्य घोषित झाले आणि जानेवारी 2020 मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून त्याची घोषणा झाली.

इगतपुरी किंवा घोटीहून पहाटे अंधारात निघालेले कुटुंब सूर्योदयाच्या सुमारास चापडगावच्या बाजूला पोहोचू शकते. निफाडची थंडी महाराष्ट्रात प्रसिद्धच आहे. उसाच्या फडांमधून आणि द्राक्षबागांमधून रस्ता जलाशयाकडे जातो. पाण्यावर धुके असते आणि धुक्यातून आवाज आधी येतात, पक्षी नंतर दिसतात. लांब टोकदार शेपटीचे तलवार बदक, फावड्यासारख्या चोचीचा थापट्या, डोळ्यावर पांढरी रेघ असलेले भुवई बदक हे दूरचे पाहुणे. लाल ठिपके आणि पिवळे टोक असलेल्या चोचीमुळे हळदीकुंकू म्हणून ओळखले जाणारे बदक मात्र इथलेच. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकदंब हिमालय ओलांडून येतो. त्याचे उड्डाण सात हजार मीटरहून अधिक उंचीवर नोंदले गेले आहे.

नारिंगी रंगाचा चक्रवाक दिसला की जैन यात्रेकरूची नजर क्षणभर थबकावी. पाचवे तीर्थंकर सुमतिनाथ भगवानांचे लांछन श्वेतांबर परंपरेत क्रौंच, तर दिगंबर परंपरेत चक्रवाक मानले जाते. मूर्तीच्या पीठावर पाहिलेला तो पक्षी येथे जोडीने पाण्यावर तरंगताना दिसतो.

छायाचित्रासाठी सकाळ उत्तम. सूर्य पाठीशी असावा, कॅमेरा शक्य तितका पाण्याच्या पातळीजवळ असावा आणि फोकस पक्ष्याच्या डोळ्यावर असावा. शरद ऋतूत अनेक नर बदकांची पिसे मादीसारखी मळकट असतात. त्यांचा खरा रंग पुढे खुलतो, म्हणून जानेवारीची फेरी अधिक फलदायी ठरते. चारशे ते सहाशे मिलिमीटरची लेन्स असल्यास दूरचा पक्षी जवळ येतो.

अडचण लेन्स अपुरी पडते तेव्हा सुरू होते. कोणी झुडपे तुडवत काठ गाठतो, कोणी टाळ्या वाजवतो, तर कोणी उडत्या थव्याच्या चित्रासाठी पाण्यात खडा भिरकावतो. चित्र सुंदर येते. त्याची किंमत पक्षी भरतो. परतीच्या प्रवासासाठी हिवाळाभर साठवलेली चरबी हीच त्याची शिदोरी असते आणि प्रत्येक विनाकारण उड्डाण त्या शिदोरीतून काही काढून घेते. चरणाऱ्या बदकांनी एकदम माना ताठ केल्या, की आपण फार जवळ आलो असे समजावे आणि तेथेच थांबावे.

दुसरी गोष्ट आपल्या समाजाला अधिक जवळची आहे. पक्ष्यांना दाणे घालणे ही आपल्या घरांतील जुनी जीवदया. दुकान उघडण्यापूर्वी कबुतरांना ज्वारी टाकणारे हात जलाशयावर येताना सहज गाठिया आणि फरसाण सोबत आणतात. भावना निर्मळ असते, परंतु मीठ आणि तेल या पक्ष्यांचे अन्न नव्हे. उरलेले पाण्यात कुजते आणि एका जागी जमलेल्या थव्यात रोग लवकर पसरतो. त्यांचे ताट त्या गाळाने आधीच वाढून ठेवले आहे. येथे आपण देऊ शकतो ते एकच दान, आणि शास्त्रांनी तेच श्रेष्ठ मानले आहे: अभयदान.

हे दान कसे द्यावे, याचा सराव आपल्याकडे आहेच. नवकारशीचे पच्चक्खाण असलेल्याला सूर्योदयानंतर 48 मिनिटे थांबावे लागते. सामायिकाचा काळही तेवढाच. पाण्यावरचा सर्वांत कोवळा प्रकाशही साधारण याच वेळेत असतो. त्या 48 मिनिटांत निरीक्षण मनोऱ्यावर एका जागी, न बोलता, न हलता बसावे. ईर्यासमितीत पाऊल जपून टाकायचे असते; येथे पाऊल टाकायचेच नाही. धुके विरते, दूर सरकलेली बदके बहुधा आपणच परत येतात आणि माणूस तेथे नाहीच अशा निश्चिंतपणे चरू लागतात.

त्या वेळी टिपलेल्या चित्रात पक्ष्याची मान खाली, पाण्याकडे असते. उडत्या थव्याइतके ते चित्र डोळे दिपवणारे नसेल. पण ते घरी लावले असता नातवंडांना निःसंकोच सांगता येते, की हा पक्षी आपल्याला भ्यायला नव्हता.