बोथट

श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात मानेच्या मणक्याच्या शस्त्रक्रियेची उपकरणं बनतात. त्यांचं माहितीपत्रक मराठीत आणताना मी ‘ब्लंट’पाशी अडले. बोथट म्हणजे आपल्याकडे धार गेलेली विळी. इथे तोच गुण.

मानेत समोरून शिरताना श्वासनलिका आणि अन्ननलिका एकीकडे, मोठी धमनी दुसरीकडे सारून धरायची. ते काम रिट्रॅक्टरच्या पात्यांचं. स्वरयंत्राची नस तर छातीत उतरून, वळसा घालून पुन्हा वर येते. तिच्यावर ताण पडला, की आवाज बसतो. होनोलुलूच्या राल्फ क्लोवर्ड यांनी 1958 मध्ये ही समोरची वाट मांडली, तेव्हा हाड कोरणाऱ्या गिरमिटाला अडसरही दिला होता. पलीकडे लगेच मज्जारज्जू!

आईच्या ऑपरेशननंतर दोन महिने फोनवर नुसता तिचा श्वास यायचा.

कारखान्यातल्या अभियंत्यानं पात्याची कड माझ्या तळहातावरून ओढली, लागलं का, खुणेनंच विचारलं. तमिळ मला येत नाही. मी मान हलवली.

मी ‘गोलसर कड’ लिहिलं आणि आईला वाचून दाखवलं.

“बोथटच लिही गं,” ती म्हणाली. आवाज अजून जरा घोगराच आहे.