प्रगाश : दहावीच्या तीन मुली आणि चौक

काश्मिरी भाषेत उजेडाला 'प्रगाश' म्हणतात. मराठी माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही, आपला 'प्रकाश'च तो, थोडा वेगळा उच्चारलेला. श्रीनगरमधल्या दहावीच्या वयाच्या तीन मुलींनी आपल्या बँडला हे नाव दिलं होतं. एक गायची आणि गिटार वाजवायची, दुसरी बेस गिटारवर, तिसरी ड्रमवर. त्यांची नावं तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत छापून आली, आजही शोधली तर सापडतील. मी ती इथे लिहीत नाही. त्यांना तेव्हा जो त्रास झाला त्यातला बराचसा नावं सगळ्यांना माहीत झाल्यामुळेच झाला.

डिसेंबर २०१२ मध्ये श्रीनगरला 'बॅटल ऑफ द बँड्स' नावाची स्पर्धा झाली. भाग घेणारे बाकीचे बँड मुलांचे. त्यांत या तिघी उभ्या राहिल्या. लोकांसमोरचा हा त्यांचा पहिलाच कार्यक्रम, आणि त्यात त्यांना उत्तम सादरीकरणाचं बक्षीस मिळालं. काही महिन्यांच्या सरावावर दहावीतल्या मुली रॉक वाजवतात आणि बक्षीस घेऊन घरी जातात, एवढीच ती गोष्ट. आमच्या शाळेत घडली असती तर दुसऱ्या दिवशी परिपाठात टाळ्या वाजल्या असत्या आणि तिसऱ्या दिवशी सराव परीक्षेचं वेळापत्रक लागलं असतं.

श्रीनगरमध्ये तसं झालं नाही. फेसबुकवर आधी कौतुक आलं, मग शिव्या आल्या. शिव्यांतून धमक्या निघाल्या, त्यात बलात्काराच्याही होत्या. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींना. फेब्रुवारीच्या सुरुवातीला मुख्यमंत्री उमर अब्दुल्ला यांनी ट्विटरवर मुलींची बाजू घेतली, धमक्या देणाऱ्यांची चौकशी होईल असं सांगितलं. ३ फेब्रुवारी २०१३ ला राज्याचे मुफ्ती-ए-आझम बशीरुद्दीन अहमद यांनी मुलींचं हे गाणं-वाजवणं इस्लामविरोधी असल्याचं जाहीर केलं. त्यानंतर एक-दोन दिवसांतच बँड मोडल्याची बातमी आली. मुफ्तीसाहेबांचा आणि काश्मीरच्या लोकांचा आदर ठेवून आम्ही थांबतो आहोत, अशा अर्थाचं बोलून मुली बाजूला झाल्या. पहिल्या कार्यक्रमापासून शेवटच्या निवेदनापर्यंत जेमतेम दोन महिने.

ही गोष्ट आपल्याकडे नेहमी एकाच वाक्यात सांगितली जाते : 'मौलवीने फतवा काढला आणि मुलींचा बँड बंद पडला.' वाक्य खोटं नाही, पण अपुरं आहे, आणि त्यातून बरेच लोक सुटून जातात.

आधी फतव्याचंच बघू. फतवा म्हणजे एखाद्याने धर्माबाबत विचारलेल्या प्रश्नाला जाणकाराने दिलेलं उत्तर. विचारणारा असतो, त्याला मुस्तफ्ती म्हणतात. उत्तर देणारा मुफ्ती. या तीन मुलींनी कोणाला काय विचारलं होतं? त्यांच्या आईवडिलांनी तरी? त्यांच्या वतीने टीव्हीने विचारलं आणि मुफ्तीसाहेबांनी टीव्हीला उत्तर दिलं. दुसरं म्हणजे त्याच शहरात मुलांचे बँड वाजत होते, पुढेही वाजत राहिले. २००८ मध्ये पाकिस्तानचा 'जुनून' हा बँड दल सरोवराच्या काठी वाजवून गेला होता. अतिरेकी संघटनांचा विरोध असतानाही तो कार्यक्रम झाला आणि तरुणांनी गर्दी केली. गिटार जर नाजायज असेल तर ती कोणाच्या हातात आहे याने फरक पडू नये. इथे फरक पडला.

मी आलिमा नाही. उर्दू आणि मराठी शिकवणारी शिक्षिका आहे. त्यामुळे संगीत हलाल की हराम याचा निकाल मी देणार नाही. पण या प्रश्नावर आलिमांतच मतभेद आहेत, हे आपल्या मुलांना कोणी सांगत नाही याचा मला राग येतो. सहीह बुखारीतली हदीस आहे : ईदच्या दिवशी हजरत आयेशांच्या घरी दोन मुली गात होत्या. हजरत अबू बकर आले आणि रागावले. रसूलुल्लाह (स.) यांनी त्यांना थांबवलं आणि मुलींना गाऊ द्या, प्रत्येक कौमेची ईद असते, ही आपली ईद आहे, अशा अर्थाचं म्हटलं. यावर उलट बाजूचे लोक म्हणतात की त्या लहान मुली होत्या, वाद्य फक्त डफ होतं, प्रसंग ईदचा होता. ठीक आहे, हाही युक्तिवाद आहे. इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये समाअवर एक स्वतंत्र प्रकरणच लिहिलं आहे, ऐकणारा कोण, शब्द काय, जागा कोणती असं सगळं तोलून. इब्न हज्मसारखा काटेकोर माणूस संगीताला मुभा देतो. मनाई करणारेही मोठे आलिम आहेत. हजार वर्षं चाललेली ही चर्चा दहावीच्या मुलीपर्यंत पोचते तेव्हा तिचा एकच शब्द उरलेला असतो.

आणि काश्मीर तर गाणाऱ्या बायकांचा मुलूख. सोळाव्या शतकातली हब्बा खातून घराघरांत गायली जाते. रमजानात आणि ईदला बायका समोरासमोर रांगा धरून रौफ गातात, लग्नात वनवून गातात. राज बेगम यांनी रेडिओ काश्मीरवरून अनेक दशकं गायलं, २००२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पलीकडे बोट दाखवायला नको, आपल्या दख्खनचंच घ्या. विजापूरच्या सूफींनी बायकांसाठी दखनीत चक्कीनामे रचले, दळता दळता म्हणायचे. जात्याचा खुंटा म्हणजे अलिफ, अशा जातीची ती रचना. मराठीत ओवी म्हणतात ती जागा दखनीत चक्कीनाम्याची. माझी नानी दळताना दोन्ही म्हणायची आणि मशिदीतून कोणी सांगायला आलं नव्हतं. जातं गेलं, गिरणी आली, त्यासोबत ते गाणंही गेलं. त्याला मात्र कोणत्याच मुफ्तीला जबाबदार धरता येत नाही.

आता सुटून गेलेल्या लोकांकडे येते.

बँड मोडल्यावर देशभरातल्या वाहिन्यांवर तीन-चार दिवस चर्चा झाली. मुलींच्या बाजूने बोलणाऱ्यांत कळकळीचे लोक होते, नाही असं नाही. पण पुष्कळांना मुली नको होत्या, मुफ्ती हवा होता. आणि काश्मीरमध्ये पुष्कळांना वाटलं की दिल्लीला आमच्या मुलींचा हा पुळका एकदम कुठून आला? २०१० च्या उन्हाळ्यात खोऱ्यात शंभरहून अधिक माणसं गोळीबारात गेली, त्यात शाळकरी पोरं होती. तेव्हा एमसी कॅश नावाच्या श्रीनगरच्या तरुणाने निषेधाचं रॅप गाणं केलं, त्याच्या स्वातंत्र्यासाठी किती वाहिन्या जागल्या होत्या? हा प्रश्न रास्त आहे. पण त्या रास्त प्रश्नाचा भार पंधरा वर्षांच्या ड्रम वाजवणाऱ्या मुलीच्या खांद्यावर का? ती दिल्लीची प्रतिनिधी नव्हती. ती शिकवणीहून येऊन सराव करत होती.

पोलिसांनी धमक्यांबद्दल गुन्हा नोंदवला, काही तरुणांना अटकही केली. त्यात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ लावलं. हे कलम आपल्या महाराष्ट्राला चांगलं ठाऊक होतं. त्याआधी अडीच महिने, नोव्हेंबर २०१२ मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल फेसबुकवर लिहिलं म्हणून पालघरच्या एका मुलीला आणि ते लाइक केलं म्हणून तिच्या मैत्रिणीला याच कलमाखाली अटक झाली होती. एक मुसलमान, एक हिंदू. पालघरला ते कलम मुलींवर चाललं, श्रीनगरला मुलींसाठी. दोन्हीकडे मुली गप्प झाल्या. पालघरमुळेच सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली आणि २४ मार्च २०१५ रोजी ते कलम रद्द झालं.

मग ९ फेब्रुवारीला अफजल गुरूला फाशी झाली. खोऱ्यात संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. वाहिन्यांच्या गाड्या दुसऱ्या विषयाकडे वळल्या. प्रगाशची बातमी आठवडाभरही जगली नाही. त्याच वर्षी ७ सप्टेंबरला शालिमार बागेत जुबिन मेहता यांनी जर्मन वाद्यवृंद वाजवला. कडेकोट बंदोबस्त, निमंत्रितांची यादी, जगभर थेट प्रक्षेपण. श्रीनगरमध्ये संगीत होऊ शकतं हे सरकारने जगाला दाखवलं. सात महिन्यांपूर्वी त्याच शहरात तीन मुलींच्या मागे एवढा बंदोबस्त कोणी उभा केला नव्हता. आणि खरं सांगायचं तर बंदोबस्तात वाजवण्यात दहावीच्या मुलीला काय गोडी असणार?

इंडोनेशियातल्या 'व्हॉइस ऑफ बाचेप्रोत' या बँडबद्दल मी वाचलं तेव्हा मला सारखी श्रीनगरची आठवण येत होती. पश्चिम जावातल्या गारुत जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या तीन मुली, डोक्यावर हिजाब, आणि वाजवतात हेवी मेटल. बाचेप्रोत म्हणजे सुंदानी भाषेत गडबड, गोंगाट. २०१४ मध्ये शाळेत असतानाच त्यांनी सुरुवात केली. वय तेच, दीन तोच, नातेवाइकांची बोलणी आणि धमक्याही त्याच. आज त्या परदेशांत दौरे करतात. २०२४ मध्ये इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात त्यांनी वाजवलं, तिथे वाजवणारा तो पहिला इंडोनेशियन बँड.

फरक कशाचा, याचं एकच उत्तर देता येणार नाही. गारुतमध्ये दिल्ली-श्रीनगरचं भांडण नव्हतं, हे तर आहेच. पण मला, शिक्षिका म्हणून, दुसरी गोष्ट दिसली. या तिघी शाळेतल्या खोडकर मुली. समुपदेशन करणाऱ्या शिक्षकाच्या खोलीत त्यांना सारखं पाठवलं जायचं. त्या शिक्षकाच्या लॅपटॉपवर त्यांनी पहिल्यांदा मेटल ऐकलं, त्यानेच वाद्यं शिकवली आणि पुढेही तो सोबत राहिला. श्रीनगरच्या मुलींनाही शिकवणारा होता आणि तो त्यांच्या बाजूने बोललाही. पण सगळं शहर एका बाजूला आणि एक संगीत शिक्षक दुसऱ्या बाजूला असेल तर तो काय करणार? शिक्षकामागे शाळा लागते, शाळेमागे मोहल्ला लागतो.

आमच्या शाळेत जानेवारीत स्नेहसंमेलन असतं. पाचवी-सहावीच्या मुली गाण्यासाठी मारामारी करतात. आठवीत यादी निम्मी होते. नववी-दहावीत एखाददुसरं नाव, तेही नातसाठी. इतक्या वर्षांत एकाही मौलानांनी आमच्या संमेलनाविरुद्ध शब्द काढलेला नाही. शहरातले एक मौलाना तर स्वतः बक्षीस समारंभाला येऊन पुढच्या रांगेत बसतात. तरी नावं गळतात. फतव्याची गरजच पडत नाही.

एकदा दहावीतल्या एका मुलीचं नाव असंच गळलं. आवाज असा की मधल्या सुट्टीत ती गुणगुणली तरी शेजारच्या वर्गातल्या मुली दाराशी यायच्या. मी तिच्या वडिलांना बोलावलं. रिक्षा चालवणारा साधा माणूस, पाच वेळचा नमाजी. मला वाटलं, आता दीनवर बोलणं होईल, मी बुखारीची हदीस तयार ठेवली होती. ते म्हणाले, "मॅडम, मेरेकू कुछ नै. अच्छा गाती वो, मेरेकू मालूम. पन मेरेकू चौक में रिक्षा लगाना पड़ता ना."

माझी हदीस तशीच राहिली. चौकात रिक्षा लावणारे दहा जण असतात. त्यातला एक हसून विचारतो, 'क्या रे, तेरी छोकरी हिरोइन बनी क्या?' बाकीचे नऊ जण काही बोलत नाहीत. त्यांच्यात वाईट कोणी नाही, तो विचारणाराही नाही. पण रोज सकाळी तिथेच जायचं असतं, आणि उद्या त्या मुलीचं स्थळ बघायलाही याच चौकातून माणसं येणार असतात. श्रीनगरच्या फेसबुकवर जे होते तेही असेच कोणाचे तरी शेजारी, मामेभाऊ, वर्गमित्र होते. मुफ्तीसाहेब शेवटी आले. तोवर काम बरंचसं झालं होतं.

त्या मुलीला मी स्टेजवर आणू शकले नाही. वडिलांना मी म्हटलं, ती गाणार नाही, पाचवीच्या पोरींना गाणं शिकवेल, यात तर काही नाही ना? त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, पढाना तो अच्छी बात है. पंधरा दिवस तिने मधल्या सुट्टीत पोरींची तालीम घेतली, एकीला सूर सापडत नव्हता तिला घरी जाऊन शिकवलं. कार्यक्रमाच्या दिवशी ती पडद्यामागे हार्मोनियमपाशी उभी होती आणि हाताने ताल देत होती. छापील कार्यक्रमपत्रिकेत मी 'संगीत मार्गदर्शन' लिहून पुढे तिचं पूर्ण नाव घातलं. मुख्याध्यापकांनी पत्रिका वाचून विचारलं, ह्या कोण मॅडम, बाहेरच्या आहेत का, त्यांना मानधन द्यावं लागेल का?

मी म्हटलं, दहावी ब, हजेरी क्रमांक एकवीस.