शरणपूरचा जेकब

मुलगी व जावई ग्लासगोला असल्यामुळे दोन वर्षांपूर्वी स्कॉटलंडचा ग्रामीण भाग मोटारीने पाहण्याचा योग आला. स्टर्लिंगचा किल्ला पाहून आम्ही समुद्रकाठच्या सेंट अँड्र्यूज या गावी पोहोचलो. तेथील भव्य कॅथेड्रलचा अभिषेक १३१८ साली राजा रॉबर्ट द ब्रूस याच्या उपस्थितीत झाला. पुढे १५५९ साली धर्मसुधारणेच्या वादळात त्याची नासधूस झाली. आज तेथे आकाशाखाली काही भिंती तेवढ्या उभ्या आहेत. क्रूसाची खूण करताना मन विषण्ण झाले. एकाच प्रभूच्या लेकरांनी एकमेकांच्या वेदीवर घाव घालावेत ना!

दुसऱ्या दिवशी ब्लँटायर हे डेव्हिड लिव्हिंगस्टन यांचे जन्मगाव गाठले. खरे सांगायचे तर मी अनिच्छेनेच आत शिरलो. ते प्रॉटेस्टंट मिशनरी. आपला काय संबंध, असे मनात होते. दहाव्या वर्षापासून सूतगिरणीत राबलेल्या त्या मुलाचे एका खोलीचे बिऱ्हाड पाहिले. तेथेच जेकब वेनराइट याची माहिती वाचताना नातवाने विचारले, "आजोबा, हा तुमच्या नाशिकचा होता?"

मला उत्तर देता येईना.

गुलामांच्या जहाजांतून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांना चर्च मिशनरी सोसायटीने नाशिकच्या शरणपुरात आसरा दिला होता. जेकब त्यांपैकीच एक. १८७३ साली आजच्या झांबियातील एका खेड्यात लिव्हिंगस्टन निवर्तले. सोबत्यांनी त्यांचे हृदय तेथेच झाडाखाली पुरले. अंत्यविधीच्या प्रार्थना जेकबने वाचल्या आणि झाडावर लेखही त्यानेच कोरला. मग पार्थिव खांद्यावर घेऊन ही माणसे फेब्रुवारी १८७४ मध्ये बागामोयोच्या किनाऱ्यावर पोहोचली. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले, तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत शरणपूरचा जेकब होता. त्याची रोजनिशी ब्लँटायरच्या संग्रहात जतन केलेली आहे.

वाचकहो, शरणपूर रस्त्याने मी चाळीस वर्षे ये-जा केली. तेथील चर्च संत आंद्रियाच्याच नावाचे आहे आणि हाच संत स्कॉटलंडचाही आश्रयदाता! परंतु 'ते आपले नव्हे' म्हणून मी त्याची पायरी कधी चढलो नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा, अशी माझी गत. साडेचारशे वर्षांपूर्वी इतरांनी पाडलेल्या भिंतींसाठी मी हळहळलो. स्वतः मनात बांधलेली भिंत मात्र मला दिसली नव्हती.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी पवित्र मिस्सा आटोपून मी शरणपूरला गेलो. उपासना नुकतीच संपली होती. एका वृद्ध गृहस्थांनी "या, बसा," म्हणत बाकावर जागा करून दिली. शरण आलेल्याला 'तू कोणाचा?' असे न विचारणाऱ्या त्या गावात मी जेकबसाठी एक 'हे आमच्या स्वर्गीय बापा' म्हटली. शेजारच्या गृहस्थांचे ओठही त्याच शब्दांनी हलत होते.