जर्मन सोंगाड्या

परवा मुलीनं मला एक जर्मन सिनेमा दाखवला. 'विनोदी आहे हं, बाबा,' असं तिनं आधीच बजावलं. जर्मन विनोदाच्या बाबतीत अशी पूर्वसूचना दिलेली बरी.

नाव 'टोनी एर्डमान'. मारेन आडे या बाईंनी तो २०१६ साली काढला. लांबी जवळजवळ पावणेतीन तास. म्हणजे गण, गवळण आणि वग आरामात बसावेत एवढी. गोष्ट साधी. बाप संगीताचा मास्तर. मुलगी बुखारेस्टमध्ये बड्या कंपनीची सल्लागार; घरी आली तरी फोन कानालाच. मग हा बाप विग चढवतो, पुढे आलेले खोटे दात बसवतो आणि भलताच कुणीतरी इसम बनून तिच्या साहेबलोकांत घुसतो.

"अगं, हा तर सोंगाड्या!" मी म्हटलं.

पुढं ती मुलगी घरी पार्टी ठेवते आणि दार उघडताना अंगावरचे कपडे काढून मोकळी होते. पाहुण्यांनीही तसंच यायचं! त्या क्षणी मला कडकडून तहान लागली. स्वयंपाकघरात जाऊन मी दोन तांबे पाणी प्यायलो. परत येऊन पाहतो तर त्या घरात बापच काय तो झाकलेला होता. नखशिखांत केसाळ सोंग घेऊन.

ही तहान आमच्या घराण्यात जुनी आहे.

दादा कोंडक्यांचा 'सोंगाड्या' आला १९७१ साली. मुंबईत दादरला तो लागावा म्हणून बाळासाहेब ठाकऱ्यांना मध्ये पडावं लागलं. आंबेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात चार बांबू आणि एक कनात पुरली. अर्थात जत्रेचा तंबू आमच्यापर्यंत यायला आणखी दोन वर्षं गेली. आमचे अण्णा शाळामास्तर. जत्रेतल्या तमाशाला जायची आम्हा पोरांना सक्त बंदी. पण सिनेमाची गोष्ट वेगळी. त्यातून लेखक वसंत सबनीस, म्हणजे साहित्यच! अण्णांनी सहकुटुंब तिकिटं काढली.

साहित्य सुरू झालं. दोन अर्थांचं वाक्य आलं की आई अंधारात चप्पल शोधायला वाकायची. त्या रात्री तिची चप्पल किमान वीस वेळा हरवली. वाकलेली पाठ मात्र गदगदा हलत होती. पडद्यावर भोळा नाम्या तमाशाच्या नादी लागला आणि रत्नमालाबाईंच्या आयेनं त्याला घराबाहेर काढलं, तेव्हा आई ताठ बसली. "बरं केलं!" एवढं मोठ्यानं म्हणाली, की पुढच्या ओळीतल्या सरपंचांनी वळून पाहिलं.

घरी जाताना कंदिलाच्या उजेडात आईनं सहज विचारलं, "अहो, त्या नाचणाऱ्या बायकांची लेकरं कोण हो सांभाळतं?"

"गाडीतच झोळी बांधतात," अण्णा म्हणाले. "मोठं लेकरू धाकट्याला झोका देतं. दूध पाजून बाई परत बोर्डावर..."

इथं अण्णा थांबले. पण उशीर झाला होता.

आता जुन्नर-आंबेगावकडच्या वाचकाला सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. नारायणगावला पाडव्याच्या सुमारास तमाशांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच येतात, घासाघीस करतात, जत्रेची सुपारी ठरवतात. आमच्या पंचांबरोबर करारमदार लिहायला जायचे अण्णा! पाडव्यानंतर ते 'सार्वजनिक कामाला' जात आणि येताना रेवड्यांचा पुडा आणत, एवढंच आम्हाला ठाऊक. नुसता कागद लिहिणाऱ्या माणसाला झोळीची माहिती कशी, हा प्रश्न आईच्या चेहऱ्यावर कंदिलाशिवायही दिसला असता.

अण्णांनी मग विठाबाईंना पुढं केलं. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर, १९५७ सालीच राष्ट्रपतिपदक मिळालेल्या. दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या, कळा आल्या, आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या, असं सांगतात. लोकांच्या ध्यानात आलं तेव्हा त्यांनीच हात जोडून खेळ थांबवायला लावला.

आई बराच वेळ काही बोलली नाही. ओढा ओलांडल्यावर म्हणाली, "आणि तुम्ही?"

"मी काय?"

"तुम्ही अशा वेळी शिट्ट्या मारता की हात जोडता?"

"मी हिशेब लिहितो," अण्णा म्हणाले.

पुढच्या पाडव्याला अण्णा नारायणगावला निघाले तेव्हा आईनं जुन्या लुगड्याची शिवलेली दोन दुपटी त्यांच्या पिशवीत घातली. नाव-गाव काही सांगितलं नाही. त्या सालापासून रेवड्यांचे पुडे दोन यायला लागले. तमाशाबंदी मात्र उठली नाही.

हे सारं मी मुलीला सांगत होतो तेवढ्यात तिचा फोन वाजला. रात्रीचे अकरा. पलीकडे कोणीतरी साहेब. ती इंग्रजीत "हो हो, आत्ता पाठवते" असं काहीसं म्हणत लॅपटॉप उघडायला लागली. जर्मन बापाला खोटे दात मुद्दाम बसवावे लागले. मला ती सोय कायमची आहे. मी कवळी अर्धी बाहेर काढली, तिच्या शाली डोक्यावरून घेतली आणि गवळणीतल्या मावशीसारखा कमरेवर हात ठेवून तिच्यासमोर उभा राहिलो.

ती फिस्सकन हसली. साहेबाला म्हणाली, "सॉरी, नेटवर्क जरा खराब आहे."

आणि फोन ठेवून मला म्हणाली, "बाबा, शाल उलटी पांघरलीय."