डॅलसनं मोडलेला दागिना

डॅलस म्हटलं की तुम्हाला काय आठवतं? केनेडींचा खून, तेलाचा पैसा, काउबॉय हॅट. बरोबर. पण तिथे राहणाऱ्या आपल्या मंडळींना विचाराल तर उत्तर वेगळं मिळेल : हायवे, ऊन आणि काउबॉइज. हे काउबॉइज म्हणजे घोड्यावरचे नाहीत. ही तिथली फुटबॉल टीम. आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे हं, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा अमेरिकन फुटबॉल.

मला त्यातलं शष्प कळत नव्हतं. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये दिवाळीसाठी मावसबहिणीकडे गेले तेव्हा डोक्यात प्लॅन साधा होता. ताईच्या हातचं खायचं, शॉपिंग करायचं आणि जमलंच तर एखादा ट्रॅव्हल पीस लिहून तिकिटाचे थोडे पैसे वसूल करायचे.

ताई राहते अर्विंगमध्ये, व्हॅली रँच नावाच्या भागात. डॅलस विमानतळापासून अगदी जवळ. आखीव रस्ते, घरांच्या मागून वाहणारे छोटे कालवे, कालव्याकाठी चालायची वाट. जवळच्या मॅकआर्थर बुलेव्हार्डवर गेलात तर इंडियन ग्रोसरी, मेथीच्या जुड्या, डोशाचा वास. दिवाळीच्या आठवड्यात दारोदार आकाशकंदील. दोन मिनिटं डोळे मिटले तर बाणेर-बालेवाडीच वाटावं.

दार उघडलं भाचेबुवांनी. वय वर्षं आठ. अंगात काउबॉइजची जर्सी, नंबर ११. मी कौतुक करायला गेले तर चेहरा पडलेला.

‘‘मावशी, ही आता ओल्ड झाली. ही वॉज ट्रेडेड.’’

ही म्हणजे मायका पार्सन्स. टीमचा सगळ्यात मोठा स्टार. २८ ऑगस्ट २०२५ला क्लबनं त्याला ग्रीन बे पॅकर्सला देऊन टाकलं. बदल्यात घेतला केनी क्लार्क नावाचा एक खेळाडू आणि दोन ‘फर्स्ट राउंड पिक्स’. शाळा सुरू होऊन थोडेच दिवस झालेले, जर्सी नवीकोरी, आणि हिरो गायब. पोरगं सांगतंय काय आणि मी समजतेय काय! आधी हे पिक प्रकरण समजून घेणं भाग होतं.

जिजूंनी क्लास घेतला. आपल्या आयपीएलमध्ये ऑक्शन असतं, पैसा फेको आणि खेळाडू घ्या. अमेरिकेत कॉलेजमधून येणाऱ्या पोरांचा दरवर्षी ‘ड्राफ्ट’ होतो. गेल्या सीझनला जी टीम सगळ्यात जास्त हरली तिला पहिली निवड, जिंकणाऱ्याला शेवटची. ही निवडीची पाळी म्हणजे पिक. आणि गंमत अशी, की ही पाळी बदलून घेता येते. म्हणजे अजून कॉलेजात असलेल्या, कोण ते ठाऊकही नसलेल्या पोराच्या बदल्यात तुम्ही आजचा हिरो देऊ शकता.

‘‘आणि या गावाला त्याची जुनी सवय आहे,’’ जिजू म्हणाले. ‘‘उद्या सकाळी चल माझ्यासोबत, दाखवतो.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चालायला निघालो. एका चौकात पाटी दिसली, काउबॉइज पार्कवे. मला वाटलं टेक्सास आहे म्हणून असेल. नाही! १९८५ पासून २०१६ पर्यंत टीमचं ऑफिस आणि सरावाची मैदानं इथेच होती. मग बाडबिस्तरा उत्तरेला फ्रिस्कोच्या नव्या चकचकीत कॅम्पसमध्ये हलला. टीम गेली, नाव राहिलं.

आता गोष्ट ऐका. १९८९च्या फेब्रुवारीत जेरी जोन्स नावाच्या तेल-गॅसवाल्या उद्योगपतीनं सुमारे १४ कोटी डॉलर देऊन ही टीम घेतली. पहिलं काम काय केलं? तब्बल २९ सीझन कोच असलेल्या टॉम लँड्रींना घरी पाठवलं. टेक्सासमध्ये हा माणूस देवासारखा. लोक खवळले. त्यांच्या जागी आणला जिमी जॉन्सन. हा जोन्सचा कॉलेजच्या टीममधला जुना दोस्त, मायामी विद्यापीठाला चॅम्पियन करून आलेला, पण व्यावसायिक लीगमध्ये पाटी कोरी. टीमची अवस्था म्हणाल तर आदल्या सीझनला १६ पैकी १३ मॅच हरलेली. आणि नव्या सीझनच्या पहिल्या पाचही मॅच हरली.

या पडक्या वाड्यात एकच दागिना होता, हर्शेल वॉकर, नंबर ३४. बॉल हातात घेऊन पळणारा रनिंग बॅक. १९८८मध्ये त्यानं १,५१४ यार्ड पळून काढले होते, म्हणजे जवळपास दीड किलोमीटर, अंगावर येणारी माणसं चुकवत. एकटा गडी, बाकी सगळा आनंद.

एका दुपारी जॉन्सन आपल्या असिस्टंट कोचेससोबत जॉगिंग करत होता. तेव्हा त्यानं विषय काढला : हर्शेलला विकूया. बाकीच्यांना वाटलं, साहेबांना ऊन लागलं. आहे तो एकच चांगला खेळाडू, तोही द्यायचा? पण त्याचा हिशेब सरळ होता. दुसऱ्या कुणाला हवीशी वाटेल अशी एवढी एकच गोष्ट आपल्या घरात आहे. अडचणीच्या काळात आपल्याकडे आजी काय करायची? पाटल्या मोडायची. तेच.

१२ ऑक्टोबर १९८९ला सौदा जाहीर झाला. हर्शेल गेला मिनेसोटा व्हायकिंग्जकडे. डॅलसला मिळाले मिनेसोटाचे पाच खेळाडू आणि पुढच्या तीन वर्षांची आठ पिक्स, त्यातली पहिल्या फेरीची तीन, दुसऱ्या फेरीची तीन. पेपरवाल्यांनी ते पाच खेळाडू बघितले आणि म्हणाले, जॉन्सनला गंडवलं! कारण ते काही ग्रेट नव्हते. पण खरी मेख कलमांत होती. डॅलसनं ठरावीक तारखेच्या आत एखाद्या खेळाडूला टीममधून काढलं, की त्याच्या नावाशी बांधलेलं पिक डॅलसचं. मिनेसोटाला वाटलं, हे लोक खेळाडू ठेवून घेतील. जॉन्सनला पहिल्या दिवसापासून पिक्सच हवी होती.

पुढे काय झालं ते डॅलसमधलं शेंबडं पोरही सांगतं. त्या वर्षी टीम १५ मॅच हरली आणि फक्त १ जिंकली. पण त्या पिक्सच्या जोरावर, काही आणखी अदलाबदल करून, १९९०मध्ये एमिट स्मिथ आला, नंतर रसेल मेरीलँड, केव्हिन स्मिथ, डॅरेन वूडसन. आणि १५ पराभवांची ती टीम १९९३, १९९४ आणि १९९६च्या जानेवारीत सुपर बोल जिंकली. चार वर्षांत तीन! एमिट तर पुढे लीगच्या इतिहासात सगळ्यात जास्त यार्ड पळालेला माणूस ठरला, १८,३५५.

मिनेसोटा? आपण फक्त एका स्टारनं कमी आहोत, असं त्यांना वाटत होतं. हर्शेल पहिल्याच मॅचमध्ये १४८ यार्ड पळाला, स्टेडियम वेडं झालं. पण त्यांच्या खेळात तो कधी नीट बसला नाही. पुढच्याच सीझनला ते १० मॅच हरले. सुपर बोल त्यांना तेव्हाही मिळाला नाही आणि नंतरही नाही.

सॉलिड स्टोरी ना? मलाही वाटलं, झाला आपला आर्टिकल. फंडा क्लिअर : धाडस करा, दागिना मोडा, राज्य उभारा. मी तसं बोलूनही दाखवलं. जिजू गप्प झाले. कालव्याच्या कडेला एक बगळा उभा होता, त्याच्याकडे बघत म्हणाले,

‘‘मला ओहायोला पाठवतायत.’’

तिथे कंपनीचा एक मोठा क्लायंट नाराज होता. जिजू त्यांच्या टीमचा स्टार, म्हणून त्यांना तिकडे. इथल्या प्रोजेक्टवर त्यांच्या जागी दोन ज्युनिअर मुलं, स्वस्तातली. मेलमध्ये याला ‘रिसोर्स रिअलाइनमेंट’ म्हटलं होतं. चार आठवड्यांत रुजू व्हायचं. घर घेऊन दोन वर्षं झालेली. भाच्याची शाळा इथे, ताईचा रविवारचा मराठी शाळेचा वर्ग इथे. आणि नाही म्हणायचं तर एच-वन-बी व्हिसावर नोकरी गेल्यावर हातात जेमतेम ६० दिवस. तेवढ्यात दुसरी नोकरी नाही मिळाली तर गाशा गुंडाळा.

‘‘ताईला माहितीये?’’

‘‘दिवाळी होऊ दे म्हटलं.’’

दिवाळी होईपर्यंत कुठलं थांबायला! त्याच रात्री ताईला कळलं. ती काही बोलली नाही, फक्त चकल्यांचा डबा जरा जोरात बंद केला. भाचेबुवा जिन्यात उभे होते. त्यांनी विचारलं, ‘‘बाबालापण ट्रेड केलं?’’

शनिवारी आम्ही सगळे आर्लिंग्टनला गेलो, एटी अँड टी स्टेडियमची टूर घ्यायला. बुकिंग आधीच झालं होतं, म्हणून गेलो. अर्विंगचं जुनं टेक्सास स्टेडियम, ज्याच्या छताला मधोमध भोक होतं आणि देवाला आपली टीम बघता यावी म्हणून ते ठेवलंय असं लोक गमतीनं म्हणायचे, ते २०१०मध्ये स्फोटकं लावून पाडलं. आर्लिंग्टनचं हे नवं २००९चं. गाडीशिवाय इथे पोचणं अवघड, तेव्हा कुणाला तरी पटवून ठेवा. आत गेल्यावर मात्र तोंडाचा आ मिटत नाही. मैदानावर टांगलेला स्क्रीन १६० फूट रुंद. हिरवळीवर उभं राहून वर बघितलं की आपण मुंगीएवढे.

वर कठड्यावर टीमच्या दिग्गजांची नावं गोलाकार लावलीत. त्याला रिंग ऑफ ऑनर म्हणतात. टॉम लँड्री आहेत. एमिट स्मिथ आहे. डॅरेन वूडसन आहे. जिमी जॉन्सनशी जोन्सचं फाटलं, तो १९९४मध्ये टीम सोडून गेला, तरी २०२३मध्ये त्याचंही नाव लागलं. मी मान मोडेपर्यंत पूर्ण गोल फिरून वाचलं. हर्शेल वॉकर कुठेच नाही.

ज्याला विकून हे सगळं उभं राहिलं त्याचं नाव भिंतीवर नाही. ऑफिसात काम करणाऱ्या कुणालाही यात नवल वाटू नये. गेलेल्या माणसाचा फोटो आपल्या बोर्डावर किती दिवस असतो?

जिजूंनी बाकीची गोष्ट सांगितली ती तिथेच, स्टँडमधल्या खुर्चीत बसून. जोन्स आणि जॉन्सन यांचा सौदा ठरला खरा, पण हर्शेल गपचूप गेला नव्हता. त्यानं आधी किंमत मागितली. साडेबारा लाख डॉलर त्याला जाण्यासाठी मिळाले. आणि मिनेसोटाच्या पाच खेळाडूंपैकी डॅरिन नेल्सननं तर डॅलसला यायलाच नकार दिला. शेवटी त्याला सॅन दिएगोला पाठवावं लागलं. त्यानंतर १९९६मध्ये हर्शेल परत आला, याच टीममध्ये, चौतिशीत. आता स्टार एमिट स्मिथ होता. हर्शेल किक परत आणायचा, एमिटसाठी वाट मोकळी करायला समोरच्यांना धडका द्यायचा. स्वतःला विकून आलेल्या मुलासाठी!

‘‘पिक्स मिळाली म्हणून टीम जिंकली, हे अर्धंच खरंय,’’ जिजू म्हणाले. ‘‘जॉन्सन कॉलेजमधून आला होता, ही पोरं त्याला माहीत होती. ट्रॉय एकमन आणि मायकल अर्विन आधीपासून टीममध्ये होते. आणि एक वर्ष १५ मॅच हरायची त्यांची तयारी होती. माझ्या मॅनेजरला पुढचा क्वार्टर हरायचा नाहीये.’’

पार्सन्सला दिल्यावर पत्रकार परिषदेत खुद्द जोन्स यांनी हर्शेलची आठवण काढली होती. वय ८२, तेच मालक. तो जमाखर्च त्यांच्यासाठी फायद्याचा ठरला होता, मग का नाही काढणार?

ताई इतका वेळ गप्प होती. ती एवढंच म्हणाली, ‘‘म्हणजे मागितलं तर मिळतं.’’

माझी फ्लाइट सोमवारची. रविवारी रात्री जेवणाच्या टेबलावर दोघांनी मिळून मेल लिहिला. नकार नव्हता, ६० दिवसांचा हिशेब दोघांनीही केला होता. पण अटी होत्या. मुलाची शाळा मेअखेर संपते, तोवर कुटुंब इथेच. तोपर्यंत जिजूंचं येणंजाणं कंपनीच्या खर्चानं. सामान हलवायचे पैसे वेगळे. ‘रिसोर्स’ हा शब्द ताईनं खोडला आणि तिथे जिजूंचं नाव घातलं. मी स्पेलिंग तपासली, मास कॉमची डिग्री एवढ्या कामाला आली.

मी परत आल्यावर दोन आठवड्यांनी तिचा मेसेज आला. मेअखेरचं मान्य. येण्याजाण्याचा खर्च महिन्यातून एकदा मान्य. सामानाचं ‘बघू’.

‘‘आणि जर्सीचं काय झालं?’’ मी विचारलं.

‘‘अंगात आहे,’’ तिनं लिहिलं. ‘‘धुवायलापण काढून देत नाही.’’