उशीखालचे पुस्तक

गेल्या वर्षी एका दुपारी राजारामपुरीतील आमच्या घरी मी एक पुस्तक घाईघाईने उशीखाली लपवले. तेव्हा माझे वय ६९ होते आणि ते पुस्तक होते भा. रा. भागवतांच्या ‘फास्टर फेणे’चे.

यजमानांना पक्षाघात होऊन तेव्हा चार महिने झाले होते. १८५० साली स्थापन झालेल्या आपल्या करवीर नगर वाचन मंदिराचे ते जुने वाचक. आजारानंतर मात्र लांब वाक्याचा शेट गाठेपर्यंत त्याचा आरंभ त्यांच्या मनातून निसटू लागला. भेटीला येणारे स्नेही चरित्रे आणि अध्यात्मग्रंथ आणून देत. ते ग्रंथ उशाशी साचत गेले. त्या न उघडलेल्या ढिगाकडे ते पाहत, तेव्हा वाटे, आजारापेक्षा हा ढीगच त्यांना अधिक खचवतो आहे.

अशात सुटीला आलेला नातू आपले पुस्तक विसरून गेला. मी ते सहज वाचून दाखवू लागले. फुरसुंगीचा बनेश फेणे, त्याची सायकल, त्याचे ते ‘ट्टॉक’! छोटी वाक्ये आणि प्रसंगामागून प्रसंग. एके ठिकाणी मी थांबले, तर ते म्हणाले, “पुढं?”

चार महिने आमच्या घरात जे गेले, त्याचेच बोलणे चालले होते. पुढचे विचारणारा हा त्यांचा पहिला शब्द.

आणि तरीही, दारात त्यांचे जुने सहकारी दिसताच मी पुस्तक लपवले. ते अर्धवट दिसतच होते. पाहुणे हसून म्हणाले, “काय वैनी, नातू आलाय वाटतं?” मी काही बोलण्याआधीच यजमान एकेक शब्द जुळवत म्हणाले, “माझं आहे ते.”

मला लाज वाटली, ती पुस्तकाची नव्हे, माझ्या लपवण्याची.

विचार करून पाहा. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ वाचताना कोणा वृद्धाचे डोळे पाणावले, तर आपण त्याचे कौतुक करतो. तोच वृद्ध ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ वाचून खुदकन हसला, तर मात्र ‘म्हातारपणी पोरकटपणा’ म्हणतो. उतारवयात अश्रू शोभतात आणि कुतूहल शोभत नाही, हे कोणी ठरवले?

शुश्रूषा करणाऱ्यांना मात्र एक सांगावेसे वाटते. मुलांचे पुस्तक देणे निराळे आणि रुग्णाला मूल समजणे निराळे. लाडिक स्वर लावून वाचू नका. “हे वाचू का?” असे आधी विचारा आणि नकार आला तर तो माना. अक्षर मोठे, प्रकरण छोटे आणि पुस्तक हाताला हलके असावे. चेहऱ्यावर थकवा दिसताच थांबा. वाचलेले समजण्यात किंवा बोलण्यात अडचण जाणवत असेल, तर डॉक्टरांना व वाचाउपचार तज्ज्ञांना अवश्य सांगा. पुस्तक ही सोबत आहे, उपचाराचा पर्याय नव्हे. आणि ज्यांना कसलाही आजार नाही, त्यांनी तर कारण शोधूच नये. आवडते, एवढे पुरेसे आहे.

आता ते ओळीखाली बोट ठेवून रोज एक पान स्वतः वाचतात. उरलेले मी वाचते आणि खरे सांगायचे तर मलाही पुढचे कळल्यावाचून झोप येत नाही. परवा पुस्तकांच्या दुकानात फास्टर फेणेचा पुढचा भाग मागितला. विक्रेत्याने विचारले, “मुलगा कितवीत आहे?”

मी म्हटले, “आमच्या दोघांसाठीच हवं आहे.”